हाली रुपयाची घासलेली कड

आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान होता एका रुपयाला. त्याच्या खालोखाल आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, मग माझ्या बायकोला, मग दुभत्या म्हशीला आणि उरलासुरला मला. (म्हैस आटली की मी एक नंबर वर सरकायचो. तेवढंच.)

रुपया काही साधासुधा नव्हता. निजामाच्या राज्यातला, चांदीचा, हाली रुपया! एका अंगाला चारमिनार, दुसऱ्या अंगाला फारसी अक्षरं. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी पितळी वाटीत तो बसलेला असायचा आणि त्याला रोज हळदकुंकू मिळायचं. कारण त्यानं आमच्या भावकीची वाटणी केली होती.

झालं होतं असं. माझे आजोबा बापू आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या वेगळे निघाले, तेव्हा जमिनीचे तुकडे दोनच. एक विहिरीचं काळं रान, दुसरा निव्वळ माळ. विहीर कुणाला नको असते? पण भांडायचं नाही असं दोघांनी ठरवलेलं. मग दोघं सोनारीला गेले, काळभैरवापुढं नारळ फोडला आणि देवळाच्या दगडी फरशीवर बापूंनी खिशातला हाली रुपया उभा धरून गरकन फिरवला. पडल्यावर चारमिनार वर आला तर विहीर बापूंची, अक्षरं वर आली तर तात्यांची. चारमिनार वर आला. तात्यांनी धोतर झटकलं, "देवानं दिलं, मला कबूल हाय," म्हणाले आणि तसेच माळावर दगडं वेचायला गेले.

आता गंमत बघा. ही गोष्ट आमच्या घरात कोण सांगायचं? आम्ही नाही! तात्यांचा मुलगा, म्हणजे आबांचे चुलतभाऊ, नाना. हरलेल्याचा मुलगा! दर दसऱ्याला नाना आमच्याकडं जेवायला यायचे, स्वतःच्या हातानं रुपयाला कुंकू लावायचे आणि छाती पुढं काढून सांगायचे, "माझ्या बापाला माळ आला, पर त्यानं कधी तोंड वाकडं केलं न्हाय. देवाचा निकाल हाय म्हणला!" एवढं एक वाक्य उशाला घेऊन नानांनी जन्मभर तो माळ कसला.

आणि रोज सकाळी नाना आमच्या ओट्यावर चहाला यायचे. दोघांच्या बायका गेलेल्या, दोघांचे गुडघे गेलेले, दोघांनाही कमी ऐकू यायचं. त्यामुळं गप्पा एकदम झकास चालायच्या. आबा तुरीवर बोलायचे, नाना एसटीच्या वेळापत्रकावर, आणि तासाभरानं दोघंही समाधानानं माना डोलवून उठायचे. आबांच्या दिवसात तेवढा एकच तास शिल्लक राहिला होता. बाकीचा दिवस म्हणजे त्या तासाची वाट बघणं. हे मला चांगलं माहीत होतं. माहीत असूनही मी जे करायचं ते केलंच.

मी परंड्याच्या एका पतसंस्थेत रोखपाल होतो. जन्मभर लोकांच्या नोटा मोजल्या. रिटायर झालो आणि हाताला चाळा पाहिजे म्हणून जुनी नाणी जमवायला लागलो. मोबाइलवर जुन्या नाण्यांचा एक ग्रुप असतो, त्यात शिरलो. दिवा असलेलं भिंग मागवलं. आणि तीन-चार व्हिडिओ बघितल्यावर मला आपोआप कळून चुकलं, की आपण या विषयातले तज्ज्ञ आहोत!

मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "एवढं दिव्याचं भिंग आणलंच हाय तर जरा तांदळातले खडे बघा."

"तुला कळायचं नाही त्यातलं."

"मला खडं कळतेत. रोज एक समोरच बसलेला असतोय."

असो. घरातल्या माणसाला घरात किंमत नसते, एवढं म्हणून मी पुढं सरकतो.

पावसाळ्यात आबांचे गुडघे फारच धरले, म्हणून देवपूजा माझ्याकडं आली. पहिल्याच दिवशी मी रुपया वाटीतनं उचलला, कुंकू पुसलं आणि भिंगाखाली धरला. (पूजा तशीच राहिली. देव बिचारे ओलेच बसले होते.) बघतो तर काय! चारमिनारच्या बाजूची कड शाबूत. टोकदार, खणखणीत. पण अक्षरांच्या बाजूची कड सगळीकडनं तिरकी घासलेली! एका जागी नाही, गोल फिरून सगळीकडं, अगदी सारखी. वापरून झिजलेलं नाणं असं झिजत नाही. हे कुणीतरी बसून, जीव लावून, मुद्दाम केलेलं काम होतं.

पतसंस्थेत खोटी नोट सापडली तरी मला एवढा आनंद व्हायचा नाही.

पहिल्यांदा मला वाटलं, सराफानं कसाला लावलं असेल. पण सराफ एका जागी घासतो, अशी प्रदक्षिणा घालत नाही. मग वाटलं, टांकसाळीतलीच चूक! चुकीचं नाणं म्हणजे दुर्मीळ नाणं! मी फोटो काढून ग्रुपवर टाकले. पुण्याच्या एका सभासदानं तासाभरात लिहिलं, "कड घासलेली आहे. नाणं बिघडलं. संग्रहासाठी निरुपयोगी." मला इतका राग आला, की मी त्याला 'अभ्यास वाढवा' असा सल्ला दिला. तेवढ्यात दुसऱ्या एकानं लिहिलं, "जुगारवाले अशी नाणी करत. एका बाजूनं कड घासली, की फिरवल्यावर दुसरी बाजू वर येते."

जुगाराचं नाणं! म्हणजे इतिहास! मी चहा न पिता अंगणात फेऱ्या मारायला लागलो. आता वाचणाऱ्याच्या डोक्यात जो लख्ख उजेड पडला असेल, तो माझ्या डोक्यात पडला नाही. माझ्या डोक्यात फक्त ग्रुपवरचे अंगठे दिसत होते.

मंगलला सांगितलं. तिच्या डोक्यात मात्र पडला. ती कणीक मळायची थांबली.

"कुणाला बोलला न्हाय नव्हं?"

"ग्रुपवर दोनशे लोक आहेत."

"ती खड्ड्यात जाऊ द्या. आबांना? नानांना?"

"दसऱ्याला सांगणार आहे. सगळे जमतात तेव्हा."

"आवो, देवातला रुपया हाय त्यो. गप वाटीत ठिवा आन भिंग कुलपात घाला. तुमच्या पाया पडते!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, ही बाई कधी माझ्या पाया पडली नव्हती. तेव्हा तरी मी सावध व्हायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, आपल्या विद्वत्तेचा दबदबा वाढायला लागलाय.

दसरा उजाडला. नाना आले, त्यांचा मुलगा दिलीप आला, त्याची बायको आली. आपट्याची पानं वाटून झाली. पुरणपोळीचा वास घरभर सुटलेला. नानांनी नेहमीसारखं रुपयाला कुंकू लावलं, छाती पुढं काढली, "माझ्या बापाला माळ आला..." म्हणून सुरुवात केली, आणि मी मध्येच म्हणालो, "नाना, एक मिनिट! आज या रुपयाची खरी कहाणी मी सांगणार!"

मंगलनं स्वयंपाकघरातनं पळीचा मोठ्ठा आवाज काढला. मला तो कौतुकाचा वाटला.

मी भिंग काढलं. रुपया सगळ्यांच्या हातात दिला. शाबूत कड दाखवली, घासलेली कड दाखवली. आबांनी बोट फिरवून बघितलं आणि कौतुकानं म्हणाले, "व्हय की! आमच्या कधी ध्यानात आलं न्हाय. बारीक नजर हाय सुभाषची." आबांनी माझं केलेलं हे शेवटचं कौतुक.

"आता ही कड कानशीनं का घासली असेल, सांगा," मी मास्तरासारखं विचारलं.

"का रं बाबा?" नाना.

"नाणं फिरवलं की ठराविक बाजूच वर यावी म्हणून!"

दिलीप माझ्यापेक्षा धाकटा, बोलायला कमी आणि ऐकायला तरबेज. तो भिंतीला टेकून बसला होता, तो सरळ झाला. "दादा, कुठली बाजू वर येती म्हणं?"

"आत्ता बघू!"

असं म्हणून मी फरशीवर मांडी ठोकली आणि रुपया उभा धरून फिरवला. गरगर गरगर. चारमिनार. पुन्हा फिरवला. चारमिनार! परत फिरवला. चारमिनार! मी टाळ्या वाजवल्या. खरंच सांगतो, मी टाळ्या वाजवल्या! "बघितलंत? शास्त्र आहे शास्त्र! घासलेली बाजू खाली जाते, शाबूत बाजू वर येते. ज्यानं कुणी हे केलं, तो माणूस मोठा कारागीर असला पाहिजे! आणि तितकाच लबाड! समोरच्याला पत्तासुद्धा लागला नसणार. समोरचा आपला बसला असेल देवाच्या भरवशावर..."

इथं माझ्या लक्षात आलं, की खोलीत फक्त मीच बोलतोय. आणि बोलता बोलता परत फिरवलेला रुपया अजून फिरतोय. मग तो पडला.

चारमिनार.

"बापूंच्याच खिशातला हुता न्हवं हा रुपया?" दिलीपनं हळूच विचारलं.

मग काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हणालो, "ते तितकं महत्त्वाचं नाही..."

नानांनी टोपी उचलली. दोन्ही हातांनी नीट डोक्यावर बसवली. मंगल पदराला हात पुसत बाहेर आली. "नाना, पानं वाढलीत. जेवून जावा की."

"भूक न्हाय पोरी."

"नाना, बसा वो! ह्यांचं काय ऐकता? ह्यांना काय कळतंय?"

"त्याला लई कळतंय," नाना म्हणाले. "मलाच कळलं न्हवतं."

आणि ते गेले. आबा भिंतीकडं तोंड करून बसले होते. पुरणपोळ्या तशाच राहिल्या. म्हशीचा दसरा तेवढा चांगला झाला.

दुसऱ्या दिवशी नाना चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. आबा ओट्यावर बसून रस्त्याकडं बघायचे. मंगल सवयीनं दोन कप ठेवायची आणि मग एक गुपचूप आत न्यायची. चौथ्या-पाचव्या दिवशी आबा म्हणाले, "मला बी चहा नको." आणि उठून देव्हाऱ्यापाशी गेले, वाटीतला रुपया काढला आणि खिळ्यामोळ्यांच्या डब्यात टाकला. मी बघत होतो. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "मेलेल्या माणसाला चोर ठरवलास रं. त्यास्नी उलटून बोलता बी येत न्हाय."

आता शहाण्या माणसानं इथं थांबावं की नाही? पण मी शास्त्रीय वृत्तीचा! मी विचार केला, की सगळेच हाली रुपये जर चारमिनारवरच पडत असतील, तर बापू सुटले! नाण्याचाच दोष, माणसाचा नाही! मी सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडनं दुसरा हाली रुपया मागवला. कड शाबूत. पाकीट फोडलं आणि ओट्यावरच फिरवायला बसलो. नेमका त्याच वेळी दिलीप आमचा फवारणीचा पंप परत द्यायला आला. (नाना येत नव्हते, आता आमच्या वस्तूही परत यायला लागल्या होत्या.)

त्याला बघून मला आनंदच झाला. साक्षीदार मिळाला! "दिलीप, थांब. आता बघ."

फिरवला. चारमिनार. "बघ!" पुन्हा फिरवला. अक्षरं. पुन्हा. अक्षरं. पुन्हा. चारमिनार. मग अक्षरं.

दिलीप पंपावर हात ठेवून उभा होता. "म्हंजी शाबूत रुपया कसाबी पडतोय."

"हो... तसं दिसतंय."

"आन बापूंचा?"

मी खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं? पण मला नेमका तेव्हाच खरेपणा सुचायचा होता. "चारमिनारवर," मी म्हणालो.

"बरं झालं, पक्कं केलंत," दिलीप म्हणाला आणि पंप ठेवून गेला.

आतनं मंगलचा आवाज आला, "आणलाच हाय तर लावा आता त्याला बी कुंकू!"

त्या संध्याकाळी आबा म्हणाले, "मला नानाकडं ने." मी हात धरून त्यांना माळावरच्या घरी घेऊन गेलो. एवढ्या वाटेवर आबा तीनदा टेकले. नाना दारात बाजेवर बसले होते. उठले नाहीत, 'या' म्हणाले नाहीत. आबांनी काठी दोन्ही हातांत घट्ट धरली आणि म्हणाले, "नाना, विहिरीच्या रानातलं निम्मं तू घे. उद्या तलाठ्याकडं जाऊ."

नाना बाजेची दोरी चाचपत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी मोठ्यानं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

"माझ्या बापानं माळ घेतला, त्यो देवानं दिला म्हणून. तुझं म्हणून निम्मं म्या घिऊ व्हय? भीक हाय का? जा घरी, आबा. अंधार पडल."

घरी आल्यावर आबा न जेवता पडले, आणि मी ते भिंग विहिरीत टाकायला निघालो होतो. मंगल म्हणाली, "विहिरीचं नाव सुदीक काढू नगा आता."

मग दिवाळी आली आणि भाऊबीजेला लोहाऱ्याहून सुंदरआत्या आली. आबांची धाकटी बहीण. दोन एसट्या बदलून, एका डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावून. त्या ऑपरेशनमुळंच तिचा दसरा चुकला होता. आल्या आल्या तिनं देव्हाऱ्यापुढं डोकं टेकलं आणि ओरडली, "रुपया कुठाय?"

"काढलाय," आबा म्हणाले.

"काढलाय म्हंजी? देवातला रुपया काढत्यात व्हय? कुणी सांगितलं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खिळ्यांच्या डब्यातनं रुपया काढून तिच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. कड, जुगार, फिरवणं, दिलीप, सोलापूरचा रुपया. सांगताना सवयीनं भिंगही पुढं केलं. आत्यानं ते बाजूला सारलं. रुपयाच्या कडेवरनं अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग तिनं चष्मा काढला आणि माझ्याकडं अशी बघायला लागली, की मी दोन पावलं मागं सरकलो.

"आरं मुडद्या!" आत्या म्हणाली. "ही कड म्या घासलीया!"

"तू? कानशीनं?"

"कानस कशाला लागती? सहाणीवर! तुला गुटीत पाजायला!"

मंगलच्या हातातला चिवड्याचा डबा तसाच राहिला.

"जन्मलास तवा उंदरावानी हुतास. सा म्हैन्याचा झालास तरी मान धरंनास. शेजारची म्हातारी म्हणली, गुटीत सोनं उगाळून घाला. सोनं कुठनं आणायचं? मग म्हणली, चांदी तरी घाला. घरात चांदी म्हंजी हा एकच रुपया. बापू रानात गेलं की म्या देवातनं काढायची आन वेखंड, हळकुंड उगाळून झालं की रुपया उगाळायची. लोक वेढा-दोन वेढं देत्यात, म्या हात दुखोस्तर द्यायची! पहिलाच भाचा, जगावा म्हणून!"

"पण ती सगळीकडनं सारखी कशी..."

"एका जागी झिजली आसती तर बापूंनी वळखलं नसतं? जिवंत सोडलं नसतं मला! म्हणून फिरवून फिरवून उगाळली. आन चारमिनार वर धरायची, कारण बापू तेवढीच बाजू बघायचं. तुझ्या आईला म्हायती हुतं. ती गेली बिचारी. आन मला कुणी इचारलं का कधी? बापयांना गुटीतलं काय कळतंय!"

वाटणी झाली माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. म्हणजे बापूंनी सोनारीला फिरवला तेव्हा रुपया शाबूत होता! दोन्ही कडा खणखणीत! बापू निर्दोष होते. देवाचा निकाल खरा होता. रुपया लबाड झाला तो नंतर, माझ्या पायी, आणि त्याची चांदी माझ्या पोटात गेली होती. ज्या कारागिराला मी सगळ्या भावकीसमोर लबाड ठरवला होता, तो म्हणजे माझ्यासाठी सहाणीपुढं हात दुखवून घेणारी सोळा-सतरा वर्षांची पोर होती.

आबांनी डोळे पुसले. "चल," ते आत्याला म्हणाले, "नानाला सांग." पण त्यांना स्वतःला दारापर्यंतही जाववेना. मग मी आणि आत्या ओवाळणीचं ताट घेऊन माळावर गेलो. मी पुढं पळत होतो, आत्या मागनं "ताटातला दिवा इझंल, मेल्या!" म्हणून ओरडत होती.

आत्यानं नानांना ओवाळलं. नानांनी ताटात ओवाळणी टाकली. मग तिनं सगळं सांगितलं, पहिल्यापासनं शेवटपर्यंत. मी मध्ये एक अक्षर बोललो नाही. (आत्यानं तशी शपथच घातली होती.) सांगून झाल्यावर रुपया तिनं नानांच्या हातात दिला.

दिलीप दारातनं म्हणाला, "परवा कानस, आज सहाण. दादा, एकदा काय ते नक्की करून घ्या."

"तू गप," नाना म्हणाले. त्यांनी रुपया उजेडाकडं धरला, अंगठा फिरवला. "सुंदरा खोटं बोलायची न्हाय. खरं आसंल तिचं."

"मग झालं तर!" मी शपथ मोडली. "बापूंनी काही केलं नव्हतं, नाना! निकाल देवाचाच होता!"

"व्हय," नाना म्हणाले. "पर आता ह्या रुपयाकडं बघितलं की मला माझा बाप दगडं येचताना दिसत न्हाय. तू टाळ्या वाजिवताना दिसतोस. रात्री डोळं मिटलं तरी तेच. काय करू, सांग."

आत्यानं ताटातला दिवा पदरानं सावरला.

"उद्या चहाला या," मी म्हणालो. "आबा वाट बघतात."

"बघू."

(आमच्याकडं 'बघू' म्हणजे 'नाही'. एकदम तोंडावर नाही म्हणू नये म्हणून ही सोय. दिवाळी होऊन संक्रांत झाली, म्हैस व्याली, तिचं रेडकू अंगणात उड्या मारायला लागलं, तरी नाना आलेले नाहीत. आबा सकाळी ओट्यावर बसतात आणि रेडकाला तुरीचा भाव सांगतात.)

आम्ही उठलो. आत्यानं ताट घेतलं, मी रुपया घेतला. उंबऱ्यापाशी पोचलो तेवढ्यात नानांनी मागनं हाक मारली.

"सुंदरा, गुटीत चांदी कशापायी देत्यात गं?"

"पोराच्या अंगाला लागती. आन बुद्धी येती म्हणत्यात."

नानांनी मला पायांपासनं डोक्यापर्यंत सावकाश न्याहाळलं. डोक्यापाशी जरा जास्त वेळ थांबले.

"सबंध कड पोटात गेली तरी हे आसं निघालं," ते म्हणाले. "म्हंजी एक तर रुपया खोटा आसंल, न्हायतर पोरगं."

रुपया मी स्वतः भिंगातनं तपासलेला आहे. तो अस्सल आहे.